ज्वारीच्या दाण्याचा रंग : पांढऱ्या बियाण्यातून तांबडे कणीस का निघते?

धाराशिव जिल्ह्यातील शिवारफेऱ्यांतून व गावसभांतून ज्वारीविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक प्रश्न दरवर्षी हटकून येतो. घरचे बी पांढरेशुभ्र, निवडून-पाखडून ठेवलेले. तेच पेरले असता शेतात मधूनमधून तांबडी कणसे कशी निघतात? कोणी ह्याचा दोष जमिनीस देतो, कोणी खतास, तर कोणी बी देणाऱ्या शेजाऱ्याच्या सचोटीविषयीच शंका घेतो. जमीन व खत ह्या बाबतीत सर्वस्वी निर्दोष आहेत. शेजाऱ्याचा थोडा संबंध असतो खरा. परंतु तो त्याच्या सचोटीमुळे नव्हे, तर त्याच्या शेतातून वाऱ्यावर आलेल्या परागामुळे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आडतीवर ज्वारीचा भाव ठरतो तो मूठभर दाणे तळहातावर पसरून. दाणा टपोरा, पांढरा व मोत्यासारखा चकचकीत असला की भाव चढतो; त्यांत तांबडे दाणे दिसले किंवा दाण्यावर काळपट झाक आली की तोच माल हलका ठरतो. म्हणजे दाण्याच्या अंगावरील जे आवरण कागदाहूनही पातळ आहे, त्याच्या रंगावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल अवलंबून राहते. तो रंग कोठून येतो, पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो आणि मुळात ज्वारी पांढरी झाली तरी कशी, हे समजून घेणे म्हणूनच उपयुक्त आहे.

दाणा मुलाचा, साल आईची

ज्वारीचा दाणा वरून एकजीव दिसला तरी तो एका पिढीचा नसतो. आतील अंकुर व पिठाचा भाग हे परागाच्या व स्त्रीबीजाच्या मीलनातून तयार होतात. त्यांत आई व बाप दोघांचाही वाटा असतो. वरची साल मात्र फुलातील बीजकोशाच्या भिंतीपासून बनते, आणि ती भिंत सर्वस्वी मातृवनस्पतीची असते. सालीच्या खाली असणारे दुसरे पातळ अस्तरही आईचेच. बाळास पांघरूण आईने घातलेले असावे, तसा हा प्रकार आहे.

आता पांढऱ्या ज्वारीच्या फुलावर शेजारच्या तांबड्या ज्वारीचा पराग पडला असे समजा. त्या फुलाचा जो दाणा होईल, त्याच्या अंकुरात तांबड्या रंगाचा गुण शिरलेला असेल. पण साल आईची असल्यामुळे दाणा दिसावयास पांढराच राहील. सुपात घेऊन कितीही बारकाईने निवडला तरी तो इतर पांढऱ्या दाण्यांतून वेगळा काढता येणार नाही. पुढील वर्षी तो पेरला म्हणजे त्यापासून वाढणारे ताट स्वतः आई होते, आपल्या दाण्यांस स्वतःची साल देते, आणि तेव्हा कुठे ती साल तांबडी निघते. दोष घडला एका वर्षी, दिसला दुसऱ्या वर्षी. शेतकऱ्याची दिशाभूल होते ती ह्या एका वर्षाच्या अंतरामुळे.

ह्याच कारणाने ज्वारीच्या एका कणसातील सर्व दाण्यांची साल एकाच रंगाची असते. मक्याच्या कणसावर पिवळे, पांढरे व जांभळे दाणे शेजारी-शेजारी बसलेले आपण पाहतो. तेथे हा रंग सालीच्या आतील, म्हणजे आई-बाप दोघांच्या वाट्याच्या भागात असतो, म्हणून परागाचा परिणाम त्याच वर्षी डोळ्यांस दिसतो. ज्वारीत रंगाची भेसळ मोजावयाची झाल्यास म्हणून दाणे न मोजता उभ्या पिकातील कणसे मोजावीत.

ज्वारी हे मुख्यतः स्वपरागित पीक आहे, तथापि पूर्णपणे नव्हे. साधारणतः शेकडा ५ ते १५ फुलांत परपराग शिरतो. मोकळ्या, पिंजारलेल्या कणसांत हे प्रमाण अधिक व गच्च कणसांत कमी असते. तेवढे प्रमाणही चार-पाच वर्षांत घरचे बियाणे बिघडविण्यास पुरेसे होते.

तांबडा, पिवळा, पांढरा

ज्वारीतील रंगाच्या आनुवंशिकतेचा शिस्तबद्ध अभ्यास आपल्याच देशात, कोइमतूर येथे झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तेथील भरड धान्यांचे विशेषज्ञ जी. एन. रंगस्वामी अय्यंगार व त्यांचे सहकारी ह्यांनी १९३०नंतरच्या दशकात हजारो ताटांची नोंद ठेवून एकामागून एक जनुक उलगडले. पुढे अन्य देशांतील शास्त्रज्ञांनी त्यांत भर घातली. मूळ चौकट मात्र बव्हंशी तीच राहिली.

सालीच्या रंगाचे प्रमुख जनुक दोन आहेत. त्यांस इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आर' व 'वाय' म्हणतात. 'वाय' हा रंगाच्या कारखान्याचा मुकादम समजावा. तो कामावर असेल तरच सालीत रंग तयार होतो. 'वाय' एकटाच असेल तर साल पिवळी होते. 'वाय' व 'आर' दोघेही असतील तर ती तांबडी होते. 'वाय'च गैरहजर असेल तर 'आर' असो वा नसो, साल रंगहीन, म्हणजेच पांढरी राहते. ह्यावरून ध्यानात येईल की पांढरा हा वेगळा रंग नसून रंगाचा अभाव आहे.

शुद्ध तांबड्या ज्वारीचा दोन्ही जनुक नसलेल्या पांढऱ्या ज्वारीशी संकर झाला तर पहिल्या पिढीत सर्व ताटे तांबड्या दाण्यांची येतात. त्यांचे बी पुन्हा पेरले म्हणजे दर सोळा कणसांत सरासरीने ९ तांबडी, ३ पिवळी व ४ पांढरी निघतात. आजा पांढरा, आजी तांबडी, आणि नातवंडांत पिवळी कोठून आली, म्हणून लोक चकित होतात. पिवळा गुण तांबड्याच्या आड झाकलेला होता. 'आर' बाजूस पडताच तो उघडा पडला, एवढेच.

ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, आसपास तांबड्या ज्वारीचे एकही ताट नसताना पांढऱ्या बियाण्यातून तांबडे कणीस येऊ शकते. काही पांढऱ्या वाणांत 'आर' असतो, पण 'वाय' नसल्यामुळे तो निरुद्योगी बसून राहतो. अशा पांढऱ्या ज्वारीवर पिवळ्या ज्वारीचा पराग पडला की 'वाय' बाहेरून येतो, 'आर' घरात आहेच, आणि दोघे मिळून पुढील वर्षी तांबडे कणीस उभे करतात. मराठवाड्यात खरिपाच्या पिवळ्या ज्वारीचे जुने वाण पूर्वी बरेच होते, व काही गावी ते अद्याप आढळतात. अशा गावातील शेतकऱ्याने शेजाऱ्यावर तांबडे बी दिल्याचा आरोप करण्यापूर्वी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा.

मोत्यासारखी चकाकी ही मात्र रंगाची बाब नव्हे. ती सालीच्या जाडीची बाब आहे. सालीचा मधला थर पातळ असला की आतील कठीण भाग आरपार चमकतो व दाणा मोत्यासारखा दिसतो. तो थर जाड व पिठूळ असला की दाणा खडूसारखा निस्तेज वाटतो. हा गुण वेगळ्या जनुकाच्या ताब्यात आहे.

सालीखालील अस्तराचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. ह्या अस्तरात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य साठलेले असेल तर दाणा तपकिरी होतो. टॅनिन तयार होण्यास दोन जनुक एकाच वेळी हजर असावे लागतात. एक जरी नसला तरी अस्तर तयार होत नाही. म्हणून एकास एक जनुक कमी व दुसऱ्यास दुसरा कमी अशा टॅनिनविरहित दोन वाणांचा संकर झाल्यास, आई-बापांपैकी कोणातही नसलेले टॅनिन संततीत प्रकट होते. ज्वारी-पैदासकारांस ह्याची सतत दक्षता घ्यावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. तांबडी ज्वारी म्हणजे तुरट ज्वारी, असे सरसकट मानले जाते. ते खरे नाही. तांबडा रंग सालीत असतो, टॅनिन अस्तरात असते, आणि दोहोंचे जनुक निरनिराळे आहेत. अनेक तांबड्या वाणांत टॅनिन मुळीच नसते. उलट सालीने पांढुरक्या दिसणाऱ्या एखाद्या दाण्याखाली टॅनिनचे अस्तर असू शकते. परीक्षा सोपी आहे. दाण्याची साल चाकूच्या टोकाने हलकेच खरवडावी. खाली लगेच पांढरा कठीण भाग लागला तर टॅनिन नाही. मध्ये गडद तपकिरी पट्टा लागला तर आहे.

पांढरा दाणा आला कोठून?

रानटी ज्वारीचा दाणा गडद व तुरट असतो. ज्वारीची लागवड प्रथम आफ्रिकेत झाली. पूर्व सुदानात कसाला शहराच्या परिसरात सापडलेल्या खापरांवर ज्वारीच्या कणसांतील तुसांचे ठसे उमटलेले असून, ते इसवी सनापूर्वी चौथ्या सहस्रकातील आहेत. तेथून निघून हे पीक कालांतराने भारतात आले व दख्खनच्या काळ्या जमिनीत असे रुजले की आज ते परके होते हे सांगूनही पटत नाही.

रानातील दाण्यास रंग व तुरटपणा ही शोभेची लेणी नव्हती. टॅनिनयुक्त दाणा पाखरांस रुचत नाही, ओल्या हवेत त्यावर बुरशी सहज चढत नाही, व पाऊस पडताच कणसातल्या कणसात तो उगवतही नाही. टॅनिन ताब्यात ठेवणाऱ्या जनुकाचा परिणाम दाण्याच्या वासावरही होतो व त्यामुळे पाखरे त्यापासून दूर राहतात, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले आहे. माणसाच्या दृष्टीने मात्र हेच गुण अवगुण होते. टॅनिन अन्नातील प्रथिनांस बांधून ठेवते, त्यामुळे ती नीट पचत नाहीत. भाकरीस तुरट चव येते. म्हणून एखाद्या ताटातील जनुक आपोआप बिघडून बिनतुरट दाणा निघाला की कोणा अज्ञात शेतकऱ्याने, आणि बहुधा दळणाचे कष्ट सोसणाऱ्या त्याच्या कारभारणीने, ते कणीस बियाण्यासाठी बाजूस काढले असावे. हे एकदाच घडलेले नाही. २०१२ साली टॅनिनचा एक प्रमुख जनुक ओळखण्यात आला, तेव्हा लागवडीखालील ज्वारीत तो दोन निरनिराळ्या प्रकारे निकामी झालेला आढळला. जेथे पाखरांचा उपद्रव अतोनात, अशा आफ्रिकेच्या काही भागांत मात्र तपकिरी ज्वारी शेतकऱ्यांनी जाणूनबुजून टिकविली. तिची आंबील व मद्य करतात.

भाताची व गव्हाची कथाही अशीच आहे. रानटी भाताचा तांदूळ तांबडा असतो. एका जनुकातील चौदा अक्षरांचा तुकडा गळून पडला व तांदूळ पांढरा झाला. जगातील बहुतेक सर्व पांढऱ्या तांदुळांत तोच एक तुकडा गळालेला आहे. कोकणात तांबड्या तांदुळाचे जुने वाण अद्याप आवडीने खातात, त्यांत तो शाबूत आहे. गव्हात तांबड्या रंगाचे तीन जनुक असून, स्वीडनमधील निल्सन-एहले ह्यांनी १९०९ साली दाखवून दिले की तिन्ही एकत्र आले तर दुसऱ्या पिढीत ६३ तांबड्यांस १ पांढरा असे प्रमाण पडते. ज्या देशांत गव्हाची कापणी पावसात सापडते तेथे तांबडा गहू टिकला, कारण तो ओंबीत लवकर उगवत नाही. आपल्याकडे काढणी कोरड्या उन्हाळ्याच्या तोंडावर होते, म्हणून पांढुरका, शरबती गहू पिकविणे परवडले. काढणीच्या वेळचे आकाश कोरडे असेल तेथेच माणसाने धान्य पांढरे केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

खरीप काळी, रब्बी पांढरी

हाच नियम आपल्या जिल्ह्यास लावून पाहू. परांडा, भूम, वाशीपासून तुळजापूर-उमरग्यापर्यंत रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते, थंडीत निसवते, व जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी असताना दाणा पिकतो. बुरशीस लागणारा दमटपणाच नाही. मग रंगाचे कवच नसले तरी बिघडत नाही. मालदांडीचा पांढरा मोती ह्या कोरड्या थंडीच्या आश्रयाने जगतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथील केंद्रावर १९३०नंतरच्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण इतक्या वर्षांनंतरही शेतकऱ्यांच्या मनातून उतरलेला नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ह्याच मालदांडीच्या पुण्याईवर. पाखरांपुढे मात्र हा दाणा उघडाच असतो. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरू लागले की माळा बांधून गोफण हाती घ्यावी लागते. रंगाने जी राखण केली असती ती माणसास करावी लागते.

खरिपाची गोष्ट वेगळी. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला व त्यानंतर लवकर पक्व होणारे, उत्पन्नास भरघोस असे अनेक वाण आले. परंतु लवकर पक्व होणारा दाणा परतीच्या पावसात सापडू लागला. फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया आदी बुरशींनी पांढरा दाणा गुलाबी, राखाडी व शेवटी काळा पडतो. उत्पन्न वाढले आणि भाव गेला. खरीप ज्वारीचे क्षेत्र घटून सोयाबीनकडे गेले, त्यास इतरही कारणे आहेत. पण काळा पडलेला दाणा हे त्यांतील लहान कारण नव्हे.

काळ्या ज्वारीविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हा काळेपणा आनुवंशिक नाही, तो वंशात उतरत नाही. मात्र अशा दाण्याची उगवण कमी होते, म्हणून तो बियाण्यास वापरू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवेळी पावसात भिजून बुरसलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांस पोटदुखी व अतिसाराचा त्रास झाला. तपासणीत त्या धान्यात फ्युजेरियमपासून होणारे फ्युमोनिसिन हे विष आढळले. बाजारात विकली जात नाही म्हणून काळी ज्वारी घरी खावी, ही काटकसर घातक आहे.

मग खरिपात तांबडी ज्वारीच का लावू नये, असा प्रश्न साहजिकच निघतो. शास्त्राच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण खाणाऱ्याची आवड शास्त्राच्या आज्ञेत नसते. १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी तांबडी ज्वारी, 'मिलो', ज्यांनी खाल्ली त्या पिढीच्या मनात तांबडी भाकरी व दुष्काळ ह्यांची गाठ कायमची बसली आहे. पशुखाद्यासाठी निराळा भाव मिळत असेल तर तांबड्या वाणांचा विचार करावा. भाकरीच्या ज्वारीसाठी, माझ्या मते, पांढऱ्या दाण्यातच बुरशीस तोंड देण्याची शक्ती आणणे हा मार्ग अधिक व्यवहार्य आहे. त्यासाठी पैदासकार दाण्याचा कठीणपणा वाढवितात, आणि ज्या ताटांवर जखम झाली असता जांभळा डाग न पडता फिका पिंगट डाग पडतो अशी ताटे निवडतात. कारण जांभळ्या ताटांच्या तुसांतील रंग पावसात विरघळून दाण्यावर उतरतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी श्वेता हा खरिपासाठीचा पांढरा वाण बुरशीस तुलनेने सहनशील आहे.

घरचे बी शुद्ध राखण्याची रीत

रब्बी ज्वारीचे बी बहुतेक शेतकरी घरचेच वापरतात. दाणे निवडून तांबडा गुण काढता येत नाही हे वर आलेच आहे. निवड शेतातच केली पाहिजे. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या ज्वारीपासून १०० मीटर व पायाभूत बियाण्यासाठी २०० मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. घरच्या बियाण्यासाठी एवढे अंतर साधत नसेल तर बी शेताच्या मध्यभागातून घ्यावे, बांधाकडील ओळींतून कधीही घेऊ नये. उंचीत, पानांत किंवा कणसाच्या ठेवणीत वेगळी दिसणारी ताटे फुलोऱ्यापूर्वी उपटून वैरणीत घालावीत. दाण्याचा रंग फुलोऱ्यानंतरच कळतो. तेव्हा तांबडे कणीस दिसताच कापावे हे ठीक, पण त्याचा पराग तोवर शेजारच्या ताटांवर जाऊन पडलेला असतो, म्हणून त्या कणसाभोवतालची चार-सहा ताटेही बियाण्यासाठी धरू नयेत.

ज्यांस अधिक खात्री हवी त्यांनी कागदी पिशव्यांचा उपाय करावा. कणीस पोटरीतून पूर्ण बाहेर आले की शेंड्याकडील पहिली फुले उमलण्यापूर्वी त्यावर पिशवी चढवून दोऱ्याने सैल बांधावी. ज्वारीचा फुलोरा शेंड्याकडून खाली उतरत आठवडाभरात संपतो. त्यानंतर पिशवी काढावी म्हणजे दाणा गुदमरत नाही. काढलेल्या पिशवीच्या जागी खुणेची चिंधी बांधून ठेवावी. एकरी ४ किलो बी लागते. चांगल्या कणसापासून ५० ग्रॅम दाणे धरले तर ८० कणसे पुरतात, नासधूस धरून १०० पिशव्या कराव्यात. जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्यांनी काम भागते. ही कणसे वेगळी कापून, वेगळी बडवून, वेगळ्या गाडग्यात ठेवावीत, व मळणी यंत्रात घालू नयेत. कारण यंत्रात आधीच्या मालाचे चार-दोन दाणे अडकलेले असतात, आणि ते पांढरे असले तरी कोणाच्या शेतातील आहेत हे त्यांच्या सालीवरून सांगता येत नाही.